तिसरा दगड

"पाय ब्रेकवरच ठेव. आता हँडब्रेक वड. बटण दाबून वड रं, नुसता करकर वाजवू नगंस. आता न्यूट्रल कर आणि पाय हळू सोड. बसली का गाडी हँडब्रेकवर? बसली. आता गियर टाक आणि मग चावी काढ."

भावजी शेजारच्या सीटवरून सांगत होते आणि माझे यजमान विलास घामाघूम होऊन तसं तसं करत होते. खरसाई देवीच्या डोंगराकडं जाणाऱ्या रस्त्यावर, ऐन चढाला, हारवाल्याच्या टपरीपुढं आमची पांढरी व्हॅन उभी राहिली.

"आधी गियर टाकून पाय सोडला तर काय बिघडतंय?" विलासनी विचारलं.

"समदा भार गियरच्या दातांवर जातोय. गाडी निजायची ती हँडब्रेकवर निजली पायजे. गियर म्हंजे नुसती उशी."

"उशीचं काय?" मागून आबांनी विचारलं आणि आम्ही सगळे हसलो. आबा म्हणजे माझे सासरे. त्यांना डाव्या कानानं अजिबात ऐकू येत नसे आणि उजव्यानं सोयीपुरतं.

भावजी म्हणजे माझे मोठे दीर, हिंदुराव शेडगे. साखर कारखान्याच्या रुग्णवाहिकेवर सतरा वर्षं ड्रायव्हर. सतरा वर्षांत गाडीला ओरखडा नाही. हिंदुराव बाजेवर आडवा झाला तरी आधी हँडब्रेक ओढतो, अशी गावात त्यांची चेष्टा चाले आणि त्यांना ती आवडायची. आमची व्हॅन जुनी, सेकंडहँड, पण तिच्या हँडब्रेकची तार ते दर महिन्याला स्वतः तपासत.

माझ्या लग्नाला अकरा महिने झाले होते. सून म्हणून देवीचा नैवेद्य रांधायची माझी पहिलीच जत्रा होती. सासूबाईंना मी आत्या म्हणायची, आमच्याकडची तशी रीत आहे. आत्या वाईट नव्हत्या, पण त्यांच्या जिभेला हँडब्रेक नव्हता. पुरण जळलं तर, कणीक सैल झाली तर, या विचारानं मी आदल्या दिवसापासून अर्धी झाले होते.

टपरीपासून पुढं भावजींनीच गाडी चालवली आणि डोंगराच्या पायथ्याला कमानीपाशी आम्हा सगळ्यांना उतरवलं. गर्दी मरणाची होती. ते एकटे गाडी लावायला गेले. शाळू काढून मोकळं झालेलं एक रान जत्रेच्या कमिटीनं गाड्यांसाठी घेतलं होतं. रानाच्या खालच्या अंगाला दगडी बांध होता आणि बांधाच्या एका टोकाला मोठी चिंच. चिंचेखाली जाऊबाईंनी जागा धरली. जाऊबाईंचं नाव सुमन, मी त्यांना ताई म्हणते. थोड्या वेळानं भावजी आले आणि विलासना घेऊन नारळाच्या रांगेला डोंगर चढून गेले. आबांना पायऱ्या झेपत नव्हत्या. ते बांधाच्या दुसऱ्या टोकाला, सावली बघून, पाठ टेकून बसले. तोंडावर टॉवेल टाकला आणि लगेच घोरायला लागले.

"शालन, तीन दगड बघून आण," आत्या म्हणाल्या. "आणि नीट बघ. काळा दगड आणलास तर तुझ्याच डोक्यात घालीन."

आमच्या देवीची एक रीत आहे. नैवेद्याची चूल कोरी लागते. ज्या दगडांवर दुसऱ्या कुणी रांधलं, ते दगड उष्टे. उष्टी चूल देवीला चालत नाही. त्यामुळं जत्रेत येणारा जो तो कोरे दगड शोधत फिरतो आणि सकाळच्या दहापर्यंत आजूबाजूच्या सगळ्या दगडांना काजळी लागलेली असते. आम्ही पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते.

ओढ्याकडं जाऊन मी दोन दगड आणले. तिसरा मिळेना. जो उचलावा तो एका अंगानं काळा.

"एका दगडासाठी देवीला उपाशी ठेवणार व्हय गं?" आत्या ओरडल्या. शेजारच्या चुलीवरच्या बायका बघायला लागल्या. "आईनं दगडसुद्धा हुडकायला शिकवलं न्हाई का?"

आई काढली की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. परात गाडीतच राहिली होती, ती आणायचं निमित्त करून मी तिथून निघाले. व्हॅन चढाकडं तोंड करून, सगळ्यात खालच्या ओळीत लावली होती. मागचं दार उघडून परात काढली आणि खाली बघितलं. मागच्या चाकाला टेकून एक दगड होता. सपाट, पांढुरका, कोरा.

मला माहीत नव्हतं, असं मी पुढं स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं. ते खरं नाही. बैलगाडीच्या चाकाला दगड लावतात हे माहेरी लहानपणापासून बघितलं होतं. पण ती बैलगाडी. ही मोटार होती, मोटारीला हँडब्रेक असतो आणि जगात एक माणूस हँडब्रेक विसरणार नाही तो म्हणजे आमचे भावजी, हेही मला माहीत होतं. तासाभरापूर्वी त्यांचा धडा मी कानांनी ऐकला होता. दगड आपला वरचा, जास्तीचा, असं मला वाटलं. मी तो ओढला. जरा अडकला होता, मग निघाला. गाडी तसूभरही हलली नाही. मी परातीत दगड घालून चिंचेखाली आले.

"हे बघ, मिळाला का न्हाई?" आत्या म्हणाल्या. "बोलल्याबिगर हालायचं न्हाई."

चूल पेटली. डाळ शिजली, गूळ पडला, पुरण छान घट्ट व्हायला लागलं. आत्यांनी वाकून वास घेतला आणि "जमलंय" म्हणाल्या. त्यांच्या तोंडून मी ऐकलेला तो पहिला चांगला शब्द. मला आतून एवढं बरं वाटलं की सांगता येत नाही.

तास-दीड तास गेला असेल. ढेकळानं चाक धरून ठेवलं असेल, मग कुणी टेकलं असेल, शेजारच्या गाडीचं दार आपटलं असेल, देव जाणे. कुणीतरी "गाडी! गाडी!" म्हणून ओरडलं. मी मान वर केली. व्हॅन मागं मागं येत होती. इंजिन बंद, आवाज काहीच नाही, फक्त शाळूची धसकटं मोडल्याचा करकर आवाज. फार जोरातसुद्धा नव्हती. माणूस उठून बाजूला झाला असता एवढीच. पण आबांच्या तोंडावर टॉवेल होता आणि त्यांचा डावा कान गाडीच्या बाजूला होता.

दहा-बारा माणसांनी गाडी बांधापासून वर ढकलली. आबा गेले होते. दवाखान्यात न्यावं असं काही उरलंच नव्हतं.

भावजी डोंगरावरून धावत आले. हातात नारळ होता, तो तसाच. आबांना बघून ते खाली बसले, मग एकदम उठले आणि गाडीकडं गेले. तोवर बंदोबस्ताचा हवालदार आला होता. त्यानं आत डोकावून बघितलं.

"ड्रायव्हर कोण?"

"मी."

"हँडब्रेक खाली हाय. गियर न्यूट्रल. काय झोपेत लावली काय गाडी?"

"कमिटीच्या माणसानं सांगितलं तसं," भावजी म्हणाले. "न्यूट्रलला ठेवा आणि हँडब्रेक सोडा म्हणाला. दुसऱ्याला निघायचं झालं तर गाडी ढकलाय येती. मी म्हटलं उतार हाय. तर म्हणाला, दगड लावा, सगळेच लावत्यात. मागं गाड्यांची रांग लागली व्हती, भोंगं वाजवत व्हते. म्हणून मी..."

हँडब्रेक सोडलेला होता, हे मला तेव्हा कळलं.

छातीवर बिल्ला लावलेला कमिटीचा माणूस तिथंच उभा होता. चांगला पन्नाशीचा, टोपीवाला. "मी असलं काय बोललोच न्हाई," तो म्हणाला. "लोकांच्या गाड्यांचा हँडब्रेक मी कशाला सोडायला सांगीन?"

"दगड कुठाय मग?" हवालदारानं विचारलं.

"लावला व्हता. ह्या हातानं लावला. सपाट, पांढरा. लाथ मारून बघितली, पक्का बसला व्हता."

भावजी गुडघ्यांवर आले. गाडी होती त्या जागेपासून बांधापर्यंत ते रांगत दगड शोधत होते. दुसऱ्यांच्या गाड्यांखाली हात घालून बघत होते. लोक भोवती उभं राहून बघत होते. दगड तिथून तीस पावलांवर, पुरणाच्या पातेल्याखाली होता. एव्हाना त्यालाही काजळी लागली होती.

मग भावजींची नजर माझ्यावर आली. "शालन, चुलीपाशी परात दिसतीया, ती तू गाडीतनं आणली असशील. चाकाला दगड व्हता का न्हाई, सांग ह्यास्नी."

आत्या आबांच्या पायांशी पडून आक्रोश करत होत्या. विलास माझ्याकडं बघत होते. एक शब्द बोलायचा होता. व्हता, एवढाच.

"माझं ध्यान न्हवतं, भावजी," मी म्हणाले.

ते माझ्याकडं बघतच राहिले. रागानं नाही. बुडत्या माणसानं हातातली फांदी मोडल्यावर बघावं तसे. मग उठून उभे राहिले आणि गुडघ्यांची माती झटकली.

आबांना संध्याकाळी गावी आणलं. अग्नी द्यायचा मान थोरल्याचा. भावजी अंघोळ करून ओल्या अंगानं मडकं उचलायला वाकले आणि आत्या ओट्यावरून म्हणाल्या, "त्याच्या हातनं नको. इलासला उचलू दे."

भावजींनी मडकं खाली ठेवलं. माझ्या नवऱ्यानं ते उचललं.

दहाव्याला नदीवर गेलो. पिंड मांडले आणि कावळा शिवेना. पिंपरणीच्या झाडावर बारा-पंधरा कावळे बसलेले, पण एक खाली उतरेना. माणसं आबांना काय काय कबूल करत होती. आत्यांना नीट सांभाळू. म्हैस विकणार नाही. धाकट्याला कारखान्यात चिकटवू. ऊन चढलं, लोक कंटाळले. भटजी दर्भाचा कावळा करायच्या गोष्टी करायला लागले. तेव्हा आबांचे चुलतभाऊ म्हणाले, "म्हाताऱ्याचा जीव थोरल्यात गुतलाय. हिंदुराव, अजून दगड दगड करत बसू नगंस. चुकलो म्हण बापाला."

भावजी लांब, माणसांच्या मागं उभे होते. ते पुढं आले. दहा दिवसांत दहा वर्षं वय वाढल्यासारखे दिसत होते. दगड लावला होता, हे त्यांनी घरी, कारखान्यावर, पोलिसांत, सगळीकडं घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं होतं आणि कुणी मान डोलावली नव्हती.

मी बायकांत उभी होते. मला कळत होतं कावळा का शिवत नाही ते. मी डोळे मिटले आणि मनात म्हणाले, आबा, मी सांगते. आजच्या आज सगळ्यांना सांगते. दगड मी काढला. एवढा घास घ्या.

त्याच वेळेला भावजी हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "आबा, मी दगड लावला न्हवता. माझं चुकलं."

पंख फडफडले. मी डोळे उघडले तर कावळा पिंडावर बसला होता.

"बघा!" सगळे एकदमच म्हणाले. आत्या रडत रडत हात जोडत होत्या. भावजी त्या कावळ्याकडं असे बघत होते, की जणू कोर्टानं निकाल वाचून दाखवला. मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते. पण तेवढ्यात लोक पांगायला लागले, ताई हुंदके द्यायला लागल्या, कुणीतरी माझ्या हातात तांब्या दिला आणि ती वेळ गेली. वेळ गेली म्हणते, पण मी तिला जाऊ दिली.

तेराव्यानंतर मी विलासना सांगितलं.

"भाऊ कबूल झालाय," ते म्हणाले. "कावळा शिवलाय. आता तू बोललीस तर आई तुला घरात ठिवायची न्हाई. आणि बोलून आबा माघारी येणार हायत का?"

मी तेव्हा दोन महिन्यांची गरोदर होते. मी गप्प बसले. गप्प बसणं सोपं होतं आणि नंतर रोज जास्त सोपं होत गेलं.

पोलिसांनी केस घातली होती, त्यातून कोर्टात भावजी दोन वर्षांनी सुटले. घरात सुटले नाहीत. आत्या त्यांच्या हातचं पाणी प्यायल्या नाहीत, अगदी शेवटच्या दुखण्यातसुद्धा. भावजींनी रुग्णवाहिका सोडली आणि कारखान्याच्या फाटकावर वॉचमन झाले. स्टिअरिंगला पुन्हा हात लावला नाही. घराच्या वाटण्या झाल्या, ते मळ्यातल्या दोन खोल्यांत राहायला गेले.

सांगितलं ते एकोणीस वर्षांनी. त्यांच्या लेकीनं नवी मोटार घेतली होती आणि ती दाखवायला आली होती. मीही गेले होते. अंगण सपाट, फरशी बसवलेली. भावजी बाहेर आले आणि पहिलं वाक्य म्हणाले, "हँडब्रेक वडलाय का?"

"वडलाय, आप्पा."

"गियर?"

"टाकलाय."

ती आत गेली. भावजी गोठ्यामागं गेले आणि एक दगड घेऊन आले. मग दुसरा. असे चार दगड आणले. त्रेसष्ट वर्षांचा माणूस गुडघे टेकून, सपाट फरशीवर, चारही चाकांना दगड लावत होता. प्रत्येक दगडाला हातानं हलवून बघत होता आणि तोंडानं पुटपुटत होता, "लावला. ह्यो लावला. ह्यो बी लावला."

मला ते बघवलं नाही.

"भावजी," मी म्हणाले, "जत्रेत तुम्ही दगड लावला होता."

ते चाकाशी तसेच बसून राहिले. "कवाचं काढलंस, शालन?"

"लावला होता. मी बघितला. मी काढला तो. चुलीला तिसरा दगड मिळत नव्हता, आत्या ओरडत होत्या. हँडब्रेक लावलेला असंल असं मला वाटलं. त्याच दगडावर पुरण शिजवलं आणि तुम्ही शोधत होता तेव्हा मी बोलले नाही."

एका दमात बोलून टाकलं. आता ते ओरडतील, मारायला धावतील, रडतील, काहीही करोत. मी सगळ्याला तयार होते. एकोणीस वर्षं त्याचीच वाट बघत होते म्हणा ना.

भावजी हळूहळू उठले. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पोरी," ते म्हणाले, "एवढं खोटं बोलू नये. पाप लागतंय."

"खोटं नाही, भावजी! आबांची शपथ."

"गेलेल्या मानसाची शपथ घिऊ नगंस. मी लावला असता तर मला याद नसती व्हय? लावला, लावला म्हणून मीच माझ्या मनाला फशिवत व्हतो. कबूल झालो तवाच कावळा शिवला. तू व्हतीस की तिथं. आबांपुढं खोटं चालतंय का?"

"त्याच वेळी मीपण मनात बोलले होते. कावळा माझ्यासाठी उतरला."

ते नुसते हसले. समजूत घालावी तसे. "तुझं मन लई मोठं हाय. माझ्या डोक्यावरचं वझं उतरावं म्हणून सोताच्या डोक्यावर घ्याय निघालीस. सख्ख्या भणीनं केलं नसतं." मग त्यांनी आत हाक मारली, "सुमन, चहा टाक गं. शालन आलीया."

ताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "काय झालं? डोळं का भरल्यात?"

"काय न्हाई. ह्या पोरीनं आज मला जिंकलं," भावजी म्हणाले आणि त्यांनी ताईंना सगळं सांगितलं, माझ्यादेखत. शालन माझ्यासाठी काय बोलायला तयार झाली बघ, असं. ताईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मी पुन्हा सांगितलं. दगडाचा रंग सांगितला, आकार सांगितला. त्या माझा हात थोपटत राहिल्या.

मी चहा प्याले.

त्या दिवाळीत भाऊबीजेला भावजी मळ्यातून चालत आमच्याकडं आले. त्यांना बहीण नव्हती. पाटावर बसले, मला ओवाळायला लावलं आणि ताटात साडी ठेवली, हिरवी, जरीच्या काठाची.

"नेसून ये," म्हणाले. "बघून जातो."

मी नेसून आले.